पोटगी मागताना नवऱ्याची पगाराची स्लिप कशी वाचावी

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला असलेला नवरा कोर्टात सांगतो, "हातात सोळा हजारच पडतात." ते खरंही असतं. पण मुलांची पोटगी ठरवताना एवढाच आकडा धरायचा नसतो, आणि नेमक्या इथंच आपल्या कितीतरी बायका गप्प बसतात.

आधी स्लिप मिळवा. तो देत नसेल, तर कंपनीकडून पगारपत्रक मागवण्याचा अर्ज कोर्टात करता येतो.

मग पेन घेऊन बसा. समजा, बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 22,000, घरभाडे भत्ता 5,000, ओव्हरटाइम 4,000; एकूण 31,000. कपात अशी: पीएफ 2,640, व्यवसाय कर 200, सोसायटीचा हप्ता 9,000, ॲडव्हान्स 3,000. हातात 16,160. आता प्रत्येक कपातीपुढं लिहा, ही सरकारनं कापली की त्यानं स्वतः ओढवून घेतली? सोसायटीचं कर्ज त्याचं आहे, त्याचा भार पोरांच्या ताटावर कशाला? आयकर आणि व्यवसाय कर वजा होतात. पीएफ, घरभाडे वसुली, कर्जाचे हप्ते वजा धरायचे नाहीत, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं 2024 साली एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं. म्हणजे इथं हिशेब 30,800 वरून सुरू होतो.

दिवाळीचा बोनस महिन्याच्या स्लिपवर दिसत नाही; त्यासाठी फॉर्म 16 (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीनं दिलेला दाखला) आणि बँकेचं स्टेटमेंट बघा. कंपनीचं क्वार्टर असेल तर तेही सांगा. कामासाठीचा पेट्रोल खर्च बिल देऊन परत मिळत असेल, तर ती कमाई नव्हे. त्यावर भांडू नका. मेडिक्लेममध्ये मुलांची नावं असतील तर ती कायम ठेवण्याची मागणी करा, पण विम्यातून शाळेची फी भरली जात नाही, हेही मांडा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नोकरीतल्या सवलतीही त्यात लिहायच्या असतात. तुमची कमाई असेल तर तीही लपवू नका. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

पोटगीचा ठरलेला सरकारी तक्ता आपल्याकडे नाही. म्हणून फी, दूध, औषधं, रिक्षा, सगळ्याचा महिन्याचा खर्च पावत्यांसह जोडा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि स्लिप हाती येण्याची वाट बघत बसू नका. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते.