लिशियन वेवर खूण हरवली? आधी मागे वळून पाहा

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर फेथियेपासून अंतल्याच्या दिशेने जाणारी ही पाचशेहून जास्त किलोमीटरची पायवाट. दिशा कळावी म्हणून दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. पण पाइनच्या रानात शेळ्यांच्या वाटाही अगदी तशाच दिसतात, आणि बोलण्याच्या नादात पट्टे कधी संपले ते कळत नाही.

पट्टे दोन्ही दिशांनी चालणाऱ्यांसाठी असतात. याचाच फायदा घ्यायचा:

१. चार-पाच मिनिटं पट्टा दिसला नाही, की थांबा आणि पाठीमागे बघा. समोरून येणाऱ्यांसाठी काढलेली खूण मागच्या दगडावर सापडली, तर बिनधास्त पुढे चला.

२. मागेही काही नसेल, तर शेवटच्या पट्ट्यापाशी परत जा. कंटाळा येतो, चढ असेल तर फारच. पण अंदाजाने पुढे रेटण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

३. दोघं असाल तर एकाने त्या पट्ट्याशीच उभं राहायचं, दुसऱ्याने हाकेच्या अंतरात वाट शोधायची.

वाकवलेला पट्टा म्हणजे वळण, फुली म्हणजे ही वाट नव्हे. पुसट फुली घाईत पट्ट्यासारखी वाटते, तेव्हा नीट पाहा.

एक मात्र सांभाळा. वाट चुकली म्हणून ‘खाली समुद्र दिसतोय, सरळ उतरू’ असं करू नका. बऱ्याच ठिकाणी उतार थेट कड्यावर संपतो.