घरातल्या माजी सैनिकाला मानसिक उपचारांपर्यंत कसं न्यायचं (आणि घरच्यांनी स्वतःसाठी काय करायचं)

"तो स्वतः तयार झाला की मग बघू" हे आधी डोक्यातून काढून टाका. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला माणूस रात्र-रात्र जागा असतो, बारीकसारीक गोष्टीवरून भडकतो, लग्नकार्याला यायचं टाळतो, आणि विचारलं की म्हणतो "मला काय झालंय, मी ठीक आहे", आणि घरचे वाट बघत बसतात. असंच वर्ष निघून जातं. पहिला फोन घरच्यांनीच करायचा, आणि त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.

तो फोन म्हणजे १४४१६, टेलि मानस. केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणून घरी कुणी येत नाही की नाव कुठे छापून येत नाही. बायकोने, मुलाने, आईने केला तरी चालतो, सरळ सांगायचं की माझा नवरा फौजेतून रिटायर आहे, असं असं होतंय, मी काय करू. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसीमध्ये (सैन्याचं मेडिकल कॉलेज) सैन्यदलांसाठी टेलि मानसचा वेगळा सेलही आहे, त्याबद्दलही त्याच फोनवर विचारून घ्या.

आता तो बोलत का नाही ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण फक्त चिडत राहतो. नोकरीत असताना प्रत्येकाची मेडिकल कॅटेगरी म्हणजे तब्येतीची श्रेणी ठरवलेली असते, तिला शेप (SHAPE) म्हणतात, त्यातला एस म्हणजे मानसिक आरोग्य. तो एस बिघडला की माणूस लो मेडिकल, म्हणजे खालच्या श्रेणीत, मग प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होईल ही भीती. सतरा-वीस वर्षं ज्याने झोप लागत नाही हे एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातसुद्धा सांगितलं नाही तो पेन्शन आल्यावर एकदम कसा सांगेल. म्हणून त्याला एकदा स्पष्ट सांगायचं की आता तुमची कॅटेगरी कुणी बघत नाही. हां, डीएससीत (माजी सैनिकांना परत घेणारं सुरक्षा दल) परत भरती व्हायचं डोक्यात असेल तर तिथे मेडिकल लागतं, तेव्हा त्याची काळजी अगदीच उगाच नाही, ती हसून उडवू नका. पण त्यासाठी दोन वर्षं उपचार न घेता दारूवर झोप काढणं हा त्याहून मोठा तोटा आहे, हे माझं मत.

बोलायचं कधी? दारू प्यायला असेल तेव्हा नाही, पाहुण्यांसमोर नाही, भांडणाच्या शेवटी तर अजिबातच नाही. गाडीत शेजारी बसून किंवा सकाळी फिरायला जाताना बोललेलं बरं पडतं, समोरासमोर बसवून बोललं की त्याला चौकशी लागल्यासारखं वाटतं. आणि सुरुवात झोपेपासून करा. "तुमचं डोकं ठिकाणावर नाही" म्हटलं की दार बंद. "तीन महिने झाले तुम्ही दोन वाजता उठून बसता, बीपी पण वाढलंय, डॉक्टरला दाखवू" हे चालतं, कारण ते खरंही आहे आणि त्यात लाज नाही. घरच्यांपेक्षा पलटणीतल्या मित्राचं जास्त ऐकलं जातं, त्यातून तो मित्र स्वतः गोळ्या घेऊन बरा झालेला असेल तर सोन्याहून पिवळं. युनिटचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, पण ग्रुपवर लिहू नका, एकाला वेगळा फोन करा.

आता कागद, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. पेन्शनर असेल तर ईसीएचएस, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना, ही १ एप्रिल २००३ पासून आहे आणि मानसिक आजार त्यात येतात, हे अनेकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं ईसीएचएस म्हणजे मोतीबिंदू आणि हार्ट. स्मार्ट कार्ड आहे का, चालू आहे का, बायको-मुलांची कार्डं निघालीत का ते आधी बघा. कार्ड नसेल किंवा नावात, जन्मतारखेत घोळ असेल तर पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक घेऊन पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना गाठा, आणि कागदच सापडत नसतील किंवा रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागणार असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथले बरेच लोक स्वतः माजी सैनिक असतात. मात्र हे कागद होईपर्यंत उपचार थांबवू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीला कार्ड लागत नाही.

पॉलिक्लिनिकमध्ये मेडिकल ऑफिसर तपासतो आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल म्हणजे पुढे पाठवायची चिठ्ठी देतो, मग मिलिटरी हॉस्पिटल नाहीतर पॅनलवरचं, म्हणजे ईसीएचएसची मान्यता असलेलं खासगी हॉस्पिटल, तिथे कॅशलेस. इथे नीट विचारायचं, पॅनलवरच्या कुठल्या हॉस्पिटलला मानसोपचार आहे? हॉस्पिटल पॅनलवर असतं पण त्या विभागासाठी नसतं, आणि हे तिथे पोचल्यावर कळतं. रेफरलची मुदत किती, समुपदेशनाची सत्रं त्यात धरली आहेत का की फक्त डॉक्टरची भेट, हेही तिथेच विचारा. गोळ्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात, पण या गोळ्या कधीकधी स्टॉकमध्ये नसतात, तेव्हा तसा एनए (उपलब्ध नाही) शेरा मारून घ्यायचा आणि बाहेरून कशा घ्यायच्या ते विचारायचं, नाहीतर गोळ्यांत खंड पडतो.

मेडिकल ऑफिसरसमोर दोन मिनिटं मिळतात, त्यात फौजी म्हणणार "सर, बाकी सब ठीक है". म्हणून कागदावर लिहून न्या. किती तास झोप, स्वप्नात ओरडतो का, फटाके वाजले की काय होतं, रोज किती पेग, डोक्याला कधी मार लागला होता का, स्फोटाजवळ होता का, बीपी-शुगर-थायरॉईडच्या गोळ्या कुठल्या. डोक्याच्या जुन्या माराने चिडचिड आणि विसराळूपणा दोन्ही येऊ शकतात, ते डॉक्टरला माहीत असलं पाहिजे. आणि प्रत्येक फौजीला पीटीएसडीच (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असतो असं धरून चालू नका, डिप्रेशन असेल, दारू असेल, नुसतं नोकरी गेल्यानंतरचं रिकामपण असेल, ते डॉक्टरला ठरवू दे. पीटीएसडी असलाच तर त्याला उपचार आहेत, आघातावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत आहे, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून करायची उपचारपद्धत) आहे, गोळ्या आहेत. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डबा कचऱ्यात.

दारूबद्दल वेगळं सांगतो कारण इथे जीव जातो. मिलिटरी कॅन्टीनमधून स्वस्त दारूचा कोटा आहे म्हणून रोज पिणं ही सवय वाटते, व्यसन वाटत नाही. पण कितीतरी वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरच्यांनी एका दिवसात बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, हात थरथरतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून शपथ घालून, देवासमोर उभं करून बंद करू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली बंद करा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासूनचं. आणि त्याला न सांगता चोरून जेवणात घालायच्या गोळ्या कुणी देत असेल तर त्या अजिबात घेऊ नका, दारूबरोबर त्यातल्या काही धोकादायक ठरतात.

आता बायकोबद्दल, कारण सगळे लेख फौजीवरच संपतात. तो बॉर्डरवर असताना घर, शेत, शाळा, सासू-सासऱ्यांचं आजारपण सगळं तिने एकटीने ओढलं, आता तो कायमचा घरी आला आणि डाळ किती शिजवायची इथपासून ऑर्डर सुटायला लागल्या, तिचा अधिकार गेला आणि वर त्याच्या रागाची भीती. तिची झोप गेलेली असते, तिचं बीपी वाढलेलं असतं आणि ती म्हणते आधी यांचं बघा. तर वहिनी, तुमचं स्वतःचं कार्ड आहे, तुम्ही स्वतःसाठी रेफरल घेऊ शकता, नवऱ्याने उपचार घेतले नाहीत तरी. वीरपत्नींनासुद्धा फॅमिली पेन्शनवर ईसीएचएस मिळतं. आणि पुष्कळदा असं होतं की ती दोन-तीनदा जाऊन आली की तो विचारतो, तिथे काय विचारतात? तिथून सुरुवात होते. मुलं वडिलांच्या आवाजाने दचकत असतील, अभ्यासात मागे पडत असतील तर त्यांनाही दाखवा, शिक्षकांना थोडं सांगून ठेवा. मारहाण होत असेल तर ते आजारपण म्हणून सहन करायचं नाही, ११२ ला फोन करायचा.

आत्महत्येचा विषय काढायला लोक घाबरतात, वाटतं आपणच डोक्यात घालू. विचारल्याने विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. सरळ विचारा, "मरून जावं असं वाटतं का?" हो म्हणाला, किंवा अचानक सगळ्या कागदांची व्यवस्था लावायला लागला, "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" म्हणाला, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना. रिटायर होऊन गार्डची नोकरी करणाऱ्या अनेकांकडे लायसन्सची बंदूक असते, ती घरातून बाहेर गेली पाहिजे, पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करता येते. कीटकनाशक, गोळ्यांचा साठा, सगळं कुलपात. इमर्जन्सीत १०८ ला अँब्युलन्स बोलवा, जवळचं कुठलंही हॉस्पिटल गाठा, पॅनलवर नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि सगळी बिलं जपून ठेवा. केस होईल म्हणून लपवू नका, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो. याच कायद्यात उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्कही आहे, गावात बोभाटा होईल ही भीती असेल तर हे त्याला सांगा.

पेन्शन नसलेल्यांना, मधेच नोकरी सोडून आलेल्यांना ईसीएचएस बहुतेक मिळत नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांनाही नाही. त्यांच्यासाठी १४४१६ आणि सिव्हिलची ओपीडी, शिवाय येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं, तिथे नुसती ओपीडीही असते, नाव ऐकून घाबरू नका. खासगी आरोग्य विमा असेल तर कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचं असं मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्येच आहे, पॉलिसी काढून बघा.

शेवटची अडचण दुसऱ्या अपॉइंटमेंटची. पहिल्यांदा कसाबसा येतो, दुसऱ्यांदा म्हणतो तो डॉक्टर कालचा पोरगा आहे, त्याला काय कळतं फौजेतलं. डॉक्टर पटला नाही तर बदला, पण बदलायच्या आधी नवी तारीख घेऊन ठेवा, आणि मधल्या दिवसांत जुन्या गोळ्या स्वतःहून बंद करू देऊ नका.