गणपतीला गावी निघण्याआधी औषधांचा डबा

आमच्या गावच्या घरापासून मेडिकल अकरा किलोमीटरवर आहे, आणि चवथीच्या दिवशी ते उघडं असेल याची हमी खुद्द गणपतीही देणार नाही. म्हणून डोंबिवलीहून निघतानाच औषधांचा डबा भरून न्यावा लागतो. बर्फीचा पत्र्याचा डबा आहे, झाकण घट्ट बसतं. लग्न झाल्यापासून तो मीच भरते. मागच्या वर्षी त्यात माझ्याकडून एक गोष्ट राहिली आणि सासूबाईंनी पाचही दिवस आरती एका डोळ्याने बघितली. म्हणून ही यादी.

डबा निघायच्या आठ दिवस आधी पलंगावर पालथा करा. आदल्या रात्री नाही. आदल्या रात्री संपलेलं सापडतं, चिठ्ठी सापडत नाही आणि डॉक्टर स्वतःच गावी गेलेले असतात.

आधी छापील तारीख बघा. ०८/२०२६ असं असेल तर ते औषध ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. महिना लागला की संपलं असं नाही. माझी जाऊ दर वर्षी १ तारखेला चांगल्या गोळ्या फेकते, आणि एकदा तर उत्पादनाची तारीखच एक्स्पायरी समजून सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं तिने. दोन तारखा शेजारीशेजारी असतात, चष्मा लावून वाचा.

कापलेल्या स्ट्रिपा हा वेगळा ताप. मेडिकलवाला चार गोळ्या कात्रीने कापून देतो, तारीख असते एका टोकाला, ते टोक जातं दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या घरी. कापून घेतानाच पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढा. अख्खी स्ट्रिप असेल तर तारखेच्या उलट्या बाजूने खायला सुरुवात करा. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड आलाय, त्यात बॅच आणि एक्स्पायरी दिसते, पण कोडाचा तुकडाच हाती नसेल तर काय स्कॅन करणार? तारीख नसलेल्या सुट्ट्या गोळ्या बाजूला काढा. ‘ही बहुतेक ॲसिडिटीची असावी’ असं ज्या गोळीबद्दल म्हणावं लागतं ती नेऊ नका.

आता माझी चूक. छापील तारखा मी सगळ्या तपासल्या होत्या. सासूबाईंचे डोळे कोरडे पडतात, त्याचे थेंब डॉक्टरांनी कायमचे दिलेत. बाटलीवर पुढच्या वर्षाची एक्स्पायरी होती, म्हणून निर्धास्तपणे डब्यात टाकली. ती बाटली फोडली होती शिमग्याला. शिमगा ते गणपती, मोजा महिने! हरतालिकेच्या रात्री डोळा चुरचुरायला लागला, सकाळी पापण्या चिकटलेल्या, आणि पुजेची तयारी टाकून आम्ही चिपळूणच्या रस्त्याला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “बाटली कधी फोडली?” मी एक्स्पायरी सांगायला लागले. त्या म्हणाल्या, “ती नाही हो, फोडली कधी?” सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी नवऱ्याकडे. संसर्ग त्या बाटलीतूनच आला असं त्या छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत, पण बाटली मात्र त्यांनी आमच्यासमोरच कचऱ्यात टाकली.

छापलेली एक्स्पायरी असते ती सीलबंद आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या औषधाची. सील फोडलं की दुसरं घड्याळ सुरू होतं. ‘उघडल्यापासून एक महिन्यात वापरा’ असं डोळ्यांच्या बहुतेक थेंबांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बाटलीचं टोक पापणीला लागतं, बोटाला लागतं, जंतू आत जातात, आणि आतलं जंतुरोधक त्यांना जन्मभर पुरत नाही. म्हणून फोडल्याची तारीख लिहा. बाटलीवर लिहा. खोक्यावर नाही, खोकं पहिल्याच दिवशी जातं. पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा बाटलीला गुंडाळा आणि परमनंट मार्करने दोन तारखा घाला: ‘फोडली ५/९, फेका ५/१०’. बॉलपेनने लिहिलंत तर दोन दिवसांत ओल्या हातांनी पुसलं जातं. आणि जी फोडलेली बाटली आत्ता घरात आहे, जिची तारीख कोणालाच आठवत नाही, ती नेऊ नका. महाग होती तरी नेऊ नका.

हेच बाकीच्यांना. पोरांचं पावडरीचं अँटिबायोटिक सिरप पाणी घातल्यावर बहुतेकदा आठवडाभराचंच असतं, काहींना फ्रीज लागतो, लेबलवर दिवस दिलेले असतात. पाणी घातल्याची तारीख लिहा. भावजींचं इन्सुलिनचं पेन वापरायला काढलं की बहुतेक प्रकारांत २८ दिवस, नक्की आकडा आतल्या कागदावर बघा आणि काढल्याची तारीख लिहा. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवलं की २४ तास. तिथे तारीख नको, वेळ लिहा, तांब्यावर चिकटपट्टी लावून लिहा. कालचं उरलेलं ‘टाकवत नाही’ म्हणून पाजणाऱ्या काकू प्रत्येक घरात असतात. सीलबंद गोळ्यांना हे काही करायचं नाही. बाकी जे जे फोडाल त्यावर लिहा.

इथे आमच्या पुतण्याचं पालुपद ऐकून घ्या, तुमच्याकडेही कोणीतरी असेलच. तो म्हणतो एक्स्पायरी म्हणजे कंपन्यांचा धंदा, अमेरिकी लष्कराची औषधं वर्षानुवर्षं टिकली. अर्धं खरं आहे. तिथे १९८६ पासून लष्करी साठ्यातली औषधं तपासून मुदत वाढवायची योजना आहे, आणि २००६ साली छापून आलेल्या आकड्यांत १२२ औषधांच्या तपासलेल्या बॅचेसपैकी ८८ टक्के बॅचेस मुदतीनंतर निदान वर्षभर तरी चांगल्या निघाल्या. पण त्या मूळ पॅकिंगमध्ये, सीलबंद, नेमक्या तापमानात ठेवलेल्या. आपला डबा गॅसच्या वरच्या फळीवर असतो! शिवाय मुदत संपून खराब झालेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकने मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं १९६३ साली नोंदली गेली आहेत. डोकेदुखीची गोळी महिनाभर जुनी निघाली म्हणून कोणी मरत नाही, पण इन्सुलिन, हृदयाच्या गोळ्या, फिट्सचं औषध, यांत अंदाजपंचे चालत नाही.

प्रवासात डबा डिकीत नको आणि डॅशबोर्डवर तर नकोच. माणगावला दोन तास अडकलात की गाडी भट्टी होते. पायाशी ठेवा. उलटीची गोळी मात्र पर्समध्ये घ्या, घाट सुरू झाल्यावर डबा उघडून उपयोग नाही. न फोडलेली इन्सुलिनची पेनं थंड पिशवीत, बर्फाच्या पॅकला टॉवेल गुंडाळून. बर्फाला थेट टेकून गोठलं तर वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण ते वाया गेलं. गावच्या फ्रीजमध्ये चार दिवस दूर्वा, जास्वंदीच्या कळ्या आणि मोदकांचं सारण असतं. तेव्हा दाराचा एक कप्पा आधीच भांडून मिळवा. फ्रीझरच्या तोंडाशी ठेवू नका.

घरात डबा न्हाणीघराजवळ नको, चुलीकडेही नको. कोकणातली भाद्रपदातली ओल म्हणजे काय ते सांगायला नको, पापडसुद्धा चामड्यासारखे होतात. गोळ्या स्ट्रिपमधून काढून कप्प्यांच्या डबीत आठवड्याच्या भरून ठेवायची हौस असेल तर ती मुंबईत करा. माझ्या सासऱ्यांनी विरघळणाऱ्या ॲस्पिरिनच्या गोळ्या कागद फाडून काचेच्या बाटलीत ठेवल्या होत्या. बाटली उघडली तर व्हिनेगरचा भपकारा आला. ॲस्पिरिनला ओल लागली की ती फुटून ॲसेटिक ॲसिड तयार होतं, तोच तो वास. तारीख शिल्लक होती, गोळी संपली होती.

पॅरासिटामॉल भरपूर न्या, पण सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसात चारदा, वर सर्दीची, वर अंगदुखीची कोणी दिलेली, असं करत मोठ्या माणसाची २४ तासांची ४ ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली कळत नाही. यकृत असलेल्यांनी किंवा पिणाऱ्यांनी... म्हणजे यकृत सगळ्यांनाच असतं, यकृताचा त्रास असलेल्यांनी म्हणायचं होतं, आधी डॉक्टरांना विचारायचं. ब्रँड नका वाचू, खालचं औषधाचं नाव वाचा. लहान मुलांचं सिरप एकाच नावाने ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही, आणि तान्ह्यांचे थेंब तर १ मिलीत १०० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी सांगितलेले मिली कुठल्या बाटलीचे, ते बाटलीवर लिहा. आणि हो, तिच्यावर फोडल्याची तारीखही. घरचा चमचा वापरू नका, झाकणाचं माप न्या.

उरलेली अँटिबायोटिकं नेऊ नका. पाकिटावर लाल उभी रेघ असेल ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नका, शेजारच्या काकांना तर अजिबात नाही, त्यांनी कितीही मागितलं तरी.

थर्मामीटर, बँडेज, सगळ्यांच्या चालू औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो. डबा पोरांच्या हाताबाहेर, मखराच्या मागे नाही.

परत येताना फोडलेलं सगळं बघा, तारीख उलटली असेल तर टाका. संडासात ओतू नका. घनकचरा नियमांप्रमाणे मुदत संपलेली औषधं साध्या कचऱ्यात जात नाहीत, ती वेगळी बांधून द्यायची. गावात वेगळं घेणारं कोणी नसेल तर डोंबिवलीला परत आणा. स्ट्रिप कापून टाका, कोणी उचलून विकायला नको.

मार्कर डब्यातच ठेवा आणि निघण्याआधी चालतो का ते कागदावर ओढून बघा. या वर्षी काढला तर सुकलेला निघाला.