वकांडाची गर्दी वस्तीच्या कामी कशी आणायची

१६ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत ‘ब्लॅक पँथर’ हा सिनेमा लागला: वकांडा या काल्पनिक, श्रीमंत आफ्रिकी देशाच्या सुपरहिरो राजाची गोष्ट. पहिल्या शनिवार-रविवारच्या प्रेक्षकांत कृष्णवर्णीय साधारण ३७ टक्के होते. एरवी एवढ्या मोठ्या सिनेमाला हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असतं. लोक आजी-आजोबांना, लेकरांना घेऊन, आफ्रिकी कापडाचे कपडे घालून थिएटरात गेले. जगभरचा गल्ला १३४ कोटी डॉलरच्या घरात पोचला. तेव्हापासून असा प्रत्येक सिनेमा आला की प्रश्न निघतो: या गाजावाज्याचा कृष्णवर्णीय समाजाला खरोखर उपयोग होतो का?

आमचं उत्तर असं: गाजावाजा आपणहून काही देत नाही. तो दोन-तीन आठवडे माणसांना एका दारापाशी आणून उभं करतो. त्या दारात आधीपासून कुणी तयारीनं उभं असेल तर वस्तीच्या पदरात काही पडतं, नसेल तर गर्दी येते आणि पांगते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत चर्च, युवक केंद्र किंवा वाचनालयाबरोबर काम करणाऱ्यांनी ती तयारी कशी करायची, ते खाली सांगितलं आहे.

आधी पैसा कुठे जातो ते पाहून घ्या

‘तिकीट काढणं म्हणजेच समाजाला हातभार’ असं कुणी म्हणालं तर त्याला हिशेब दाखवा. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानानं निम्मा वाटा वितरक स्टुडिओकडे जातो, मोठ्या सिनेमाच्या पहिल्या आठवड्यांत त्याहून जास्त. उरलेला वाटा आणि पॉपकॉर्नची कमाई थिएटरची. थिएटर वस्तीत नसेल, तिथली पोरं तिथे कामाला नसतील, तर त्या पैशातलं वस्तीत काही राहत नाही.

हा सिनेमा काढणाऱ्या डिस्ने कंपनीनं त्या यशानंतर बॉइज अँड गर्ल्स क्लब्ज ऑफ अमेरिका या संस्थेला १० लाख डॉलर दिले, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडसह १२ शहरांत मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान केंद्रं उघडायला. त्या केंद्रात बसणाऱ्या मुलीसाठी ही गोष्ट मोठीच आहे. पण एकूण गल्ल्याशी ताडून पाहिलं तर हजार डॉलरमागे पाऊण डॉलर होतो. (गल्ला म्हणजे नफा नव्हे, हे धरूनही.) म्हणून स्टुडिओच्या देणगीच्या भरवशावर बेत आखू नका. आली तर घ्या.

उलट न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काय झालं ते बघा. सिनेमा लागायच्या आधीच तिथल्या क्लबच्या मुलांना तो दाखवण्यासाठी लोकवर्गणी सुरू झाली. मागितले होते १०,००० डॉलर, जमले ४०,००० च्या वर, आणि तीच कल्पना मग गावोगाव उचलली गेली. या कामात स्टुडिओची वाट कुणी पाहिली नव्हती. सुरुवात तारखेच्या आधी झाली, हे त्यातलं मर्म.

मुलांसाठी सिनेमाचा सामुदायिक खेळ

सहा आठवडे आधी थिएटरच्या व्यवस्थापकाला गाठा. पूर्ण पडदा घेणार की गटाची तिकिटं, ते ठरवा. शंभरच्या आत माणसं असतील तर गटाची तिकिटं आणि दुपारचा खेळ स्वस्त पडतो.

हिशेबाचा नमुना: १०० मुलं आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे ११० तिकिटं. तिकीट १२ डॉलर धरलं तर १,३२० डॉलर, मुलांचा खाऊ ८ डॉलरनं ८०० डॉलर. त्यावर बस. सगळ्यात जास्त चूक बसमध्येच होते. मोठ्या स्कूल बसवर ७२ आसनं लिहिलेली असतात, म्हणून लोक दोन बस सांगून मोकळे होतात. पण ७२ हा आकडा एका बाकावर तीन लहान मुलं धरून असतो. बारा-पंधरा वर्षांची मुलं बाकावर दोनच मावतात, म्हणजे एका बसमध्ये ४८. दोन बसमध्ये ९६ जण बसतील आणि चौदा जण रस्त्यावर उरतील. तीन बस सांगा.

ऑनलाइन वर्गणीवर साधारण २.९ टक्के आणि दर देणगीमागे ३० सेंट कापले जातात. दहा डॉलरच्या देणगीतले जवळजवळ ६० सेंट गेले. छोट्या देणग्या खूप येणार असतील तर उद्दिष्ट सहा-सात टक्क्यांनी वाढवून मांडा. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला करसवलतीसाठी संस्थेची लेखी पोच लागते, ती त्याच आठवड्यात पाठवा.

तिकिटं कुणाला, याचा नियम आधी लिहून ठेवा. नाही तर ती पदाधिकाऱ्यांच्या ओळखीच्या घरांतच फिरतात. शाळेतल्या समुपदेशकांकडून नावं घ्या. फुकटच्या तिकिटाला गळती असतेच, म्हणून १०० जागांसाठी आणखी पंधरा नावांची प्रतीक्षायादी हवी. सिनेमाचं प्रमाणपत्र पीजी-१३ असेल तर तेराच्या आतल्या मुलांना मनाई नसते, पण पालकांची लेखी संमती घ्या आणि तिच्यावर औषधं, ॲलर्जी, आणायला कोण येणार हे लिहून घ्या.

थिएटर महाग पडतं म्हणून चर्चच्या सभागृहात डीव्हीडी किंवा घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून दाखवायचा मोह होतो. ते बेकायदा आहे, प्रवेश मोफत असला तरी. जाहीर प्रदर्शनाचा परवाना लागतो, डिस्नेच्या सिनेमांसाठी तो स्वँक मोशन पिक्चर्स ही कंपनी देते. ना-नफा शाळेत, शिक्षक समोर असताना, अभ्यासाचा भाग म्हणून अधिकृत प्रत दाखवायला सूट आहे. शाळेनंतरच्या करमणुकीला ती लागू नाही. परवान्यात जाहिरातीच्या अटी असतात, त्या फलक छापण्याआधी वाचा.

आणि फलकावर ‘पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरोपट’ असं लिहू नका. ‘मीटिअर मॅन’ हा सिनेमा १९९३ चा आणि वेस्ली स्नाइप्सचा ‘ब्लेड’ १९९८ चा. आधीच्या कलावंतांचं काम आपल्याच हातानं पुसायचं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचं नामांकन मिळालेला पहिला सुपरहिरोपट ‘ब्लॅक पँथर’, हे मात्र खरं आहे.

मतदार नोंदणीचं टेबल

फेब्रुवारी २०१८ मध्ये मूव्हमेंट फॉर ब्लॅक लाइव्ह्ज या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ‘वकांडा द व्होट’ नावानं थिएटरांत मतदार नोंदणी केली. गाजावाज्याचा याहून नेमका उपयोग आम्हाला दुसरा दिसत नाही. पण यात कायदा आडवा येतो, म्हणून इथे सावकाश वाचा.

थिएटरचं आवार खासगी असतं. व्यवस्थापकाची परवानगी लेखी घ्या आणि तो कागद टेबलावरच ठेवा. पाळी बदलली की नवा माणूस हटकतो.

टेबलाची जागा: आसनं आधीच आरक्षित असली तर लोक ऐन वेळी येतात, खेळाआधी कुणी थांबत नाही. आसनं मोकळी असतील तर रांग लागते, तेव्हा अर्ज लावलेलं पॅड घेऊन रांगेतच फिरा. खेळ सुटल्यावर सव्वादोन तास बसलेली माणसं आधी स्वच्छतागृहाकडे धावतात. टेबल पडद्याच्या दारालगत मांडलं तर ती ओलांडून जातात. तेच स्वच्छतागृहाच्या पलीकडे, बाहेरच्या वाटेवर मांडा. तिथे घरची माणसं एकमेकांची वाट पाहत उभी असतात आणि सिनेमाबद्दल बोलत असतात. त्या पाच मिनिटांत अर्ज भरून होतो. बारा पॅड, वीस पेनं, चार स्वयंसेवक, त्यातला एक फक्त अर्ज तपासायला.

तपासणाऱ्यानं चार गोष्टी बघायच्या: सही आहे का, घर क्रमांक आहे का, जन्मतारखेच्या जागी आजची तारीख पडली नाही ना, आणि वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिलेत का. बरेचसे अर्ज यांवरच अडतात. भरलेल्या अर्जाचा फोटो काढू नका.

राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. टेक्सासमध्ये भरलेला अर्ज हातात घ्यायला काउंटीनं नेमलेला स्वयंसेवी उपनिबंधकच लागतो आणि अर्ज पाच दिवसांत पोचवावा लागतो. फ्लोरिडात संस्थेची आधी नोंदणी हवी, मुदत दहा दिवस. कॅलिफोर्नियात सुट्या वगळून तीन दिवस, पण तिथे १६ आणि १७ वर्षांच्या मुलांची पूर्वनोंदणी होते. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही.

‘नोंदणी करा, तिकीट मोफत’ असं कधीही म्हणू नका. नोंदणीसाठी पैसे देणं हा केंद्रीय गुन्हा आहे: १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिकीटही पैशाचीच वस्तू. तिकीटवाटप आणि नोंदणी यांची टेबलं, माणसं आणि याद्या वेगळ्या ठेवा. करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर कोणत्याही पक्षाचा वा उमेदवाराचा बिल्ला टेबलाजवळ दिसता कामा नये.

तुरुंगातून सुटून आलेला माणूस ‘मला मत देता येतं का’ असं विचारतो तेव्हा अंदाजानं उत्तर देऊ नका. मेन आणि व्हर्माँटमध्ये हा हक्क शिक्षेतही जात नाही. इतर राज्यांत कुठे सुटताक्षणी परत मिळतो, कुठे पॅरोल संपल्यावर, कुठे अर्ज करून. चुकीचा ‘हो’ त्याला पुन्हा कोर्टात उभं करू शकतो आणि चुकीचा ‘नाही’ त्याचं मत जन्मभर हिरावतो. आपल्या राज्याचा नियम एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून ठेवा, खाली कायदेशीर मदतीचा फोन.

नायकाच्या आजाराबद्दल बोला

ब्लॅक पँथरची भूमिका करणारा चॅडविक बोझमन २८ ऑगस्ट २०२० ला ४३ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं गेला. निदान २०१६ मध्ये, तिसऱ्या टप्प्यावर झालं होतं. अमेरिकेत हा रोग कृष्णवर्णीयांना जास्त होतो आणि जास्त मारतो. त्याच्याबद्दलचं प्रेम इतकं खरं आहे की आरोग्याचं पत्रक एरवी न घेणारा माणूसही इथे थांबतो. स्थानिक आरोग्य केंद्राची एक परिचारिका टेबलावर बसवा.

पत्रकावर नेमकं लिहा. मे २०२१ पासून तपासणीची शिफारस ५० ऐवजी ४५ व्या वर्षापासून आहे: घरी करायची शौचाची चाचणी दरवर्षी, किंवा सगळं ठीक निघालं तर कोलोनोस्कोपी दहा वर्षांतून एकदा. पण निदानाच्या वेळी बोझमन चाळिशीच्याही आत होता, ४५ चा नियम त्याला लागूच झाला नसता. म्हणून दुसरी ओळ तितकीच ठळक हवी: शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणं, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, यांपैकी काही असेल तर वय न पाहता डॉक्टरकडे जा. आईवडील किंवा भावंडांत हा रोग असेल तर तपासणी लवकर सुरू करा, किती लवकर ते डॉक्टर सांगतील.

सिनेमानंतरचा तास

चर्चा थिएटरात करू नका. पुढच्या खेळाआधी सफाईला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असतात. वाचनालयाची खोली आधीच धरून ठेवा. पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस, ४५ मिनिटं.

‘आवडलं का’ असं विचारलं की ‘हो’ येतं आणि संपतं. पडद्यावरच्या एका वस्तूपासून सुरुवात करा. सिनेमा सुरुवातीलाच जातो १९९२ च्या ओकलंडमध्ये, आणि तिथली पोरं बास्केटच्या जागी लावलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बास्केटबॉल टाकत असतात. शेवटी राजा त्याच जागी परत येतो, आजूबाजूच्या इमारती विकत घेतो आणि मदतकेंद्र उघडायचं ठरवतो. विचारा: आपल्या गल्लीतला तो क्रेट कोणता? त्या केंद्रात कोणत्या खोल्या हव्यात? मुलं लगेच बोलतात, कारण उत्तर त्यांना माहीत असतं. मग सांगा की ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये याच ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची राजकीय संघटना काढली, आणि जानेवारी १९६९ मध्ये तिथल्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत न्याहारी सुरू केली. वकांडाला श्रीमंत करणारा तो काल्पनिक धातू, व्हायब्रेनियम, त्यांच्याकडे नव्हता, तरी ते झालं.

सिनेमातला खलनायक किलमाँगर याचं म्हणणं टाळू नका. सगळं असून वकांडानं इतकी वर्षं दार का लावून घेतलं, हा त्याचा सवाल रास्त आहे, आणि मुलांना तो आपल्या शहरातल्या श्रीमंत भागाबद्दल विचारायचा असतो. विचारू द्या.

कामधंद्याबद्दल बोलताना फक्त नटांची नावं घेऊ नका. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर या दोघींना ऑस्कर मिळालं, आणि दोन्ही विभागांत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. वस्तीतली शिंपीण किंवा सुतार त्या दिवशी बोलवा. बराचसा सिनेमा अटलांटात चित्रित झाला, आणि तिथे पडद्यामागच्या कामगारांची युनियन आहे, आयएटीएसई लोकल ४७९. शिवणकाम, सुतारकाम, वीजकाम येणाऱ्या पोराला हा रस्ता अभिनयापेक्षा कितीतरी खात्रीचा आहे.

थिएटरच नसेल तर

मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलमध्ये सिनेमागृह नाही. ‘ब्लॅक पँथर’चाच दिग्दर्शक रायन कूगलर याचा २०२५ चा ‘सिनर्स’ त्याच गावात घडतो, पण गावालाच तो पाहता येईना. (तो सुपरहिरोपट नव्हे, पण रीत तीच.) तिथल्या लोकांनी खुलं पत्र लिहिलं. वॉर्नर ब्रदर्सनं यंत्रं आणून मेअखेरीस गावच्या सभागृहात मोफत खेळ केले, आणि कूगलर स्वतः आला.

असं पत्र सिनेमा लागल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत गेलं पाहिजे, कारण त्यानंतर प्रसिद्धीचा विभाग पुढच्या सिनेमाकडे वळतो. पत्रात एवढं हवं: गावाचं सिनेमाशी नातं एका परिच्छेदात, जवळचं थिएटर किती मैलांवर आहे, सभागृहाचं नाव आणि आसनसंख्या, वीजजोडणी किती अँपिअरची, मोकळ्या तीन तारखा, फोन उचलणाऱ्या एकाच माणसाचा क्रमांक, आणि खाली गावकऱ्यांच्या सह्या.