ड्रॅगन कुठला, हे ओळखायचं कसं?

डोक्यावरून ओळखायला जाल तर फसाल. शिंगं, जबडा, जाळ हे चित्रकार आपल्या मर्जीने काढतो. आधी पंख बघा, मग पाय मोजा, नख्या शेवटी.

वटवाघळासारखे पंख असले तर बहुधा युरोप. ब्रिटिश कुलचिन्हांत (घराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हांत) चार पाय, दोन पंख असतील तर 'ड्रॅगन' (वेल्सच्या झेंड्यावरचा लाल प्राणी), आणि दोनच पाय असतील तर 'वायव्हर्न'. पण हा नियम कुलचिन्हांपुरताच. इटालियन चित्रकार उच्चेल्लोने 1470च्या सुमारास रंगवलेल्या, ड्रॅगनला मारणाऱ्या सेंट जॉर्जच्या चित्रातल्या ड्रॅगनला पाय दोनच आहेत, म्हणून तो वायव्हर्न ठरत नाही. बिनपंखी, सर्पासारख्या प्राण्याला जर्मन भागात 'लिंडवुर्म' म्हणतात. तरी नावावर जाऊ नका: ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टच्या कारंजावरच्या लिंडवुर्मला चक्क पंख आहेत! त्याचं डोकं घडवताना समोर होती ती तिथे सापडलेली, हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची कवटी.

अंग लांब, नागमोडी, पाय चार आणि पंख नाहीत? मग चीन, कोरिया किंवा जपान. पारंपरिक चिनी वर्णनात हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे असा मेळ असतो. खवले 117, त्यांतले 81 यांग, 36 यिन (चिनी विचारातली एकमेकांना पूरक दोन तत्त्वं). ते मोजायच्या फंदात पडू नका, नख्या मोजा.

पंजा नीट दिसेल असा एकच पाय निवडा. पुढच्या नख्या मोजून झाल्या की मागे वळलेली अंगठ्याची नखीही धरा. बहुतेकांची चूक इथेच होते, आणि पाचाचे चार होतात. चीनच्या मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात पाच नख्या म्हणजे सम्राटाचा मान. चीनमधल्या दातोंग शहरातली नऊ ड्रॅगनांची भिंत 1392 साली सम्राटाच्या मुलाच्या वाड्यासाठी बांधली, म्हणून तिथे चारच. जपानी ड्रॅगनला सहसा तीन असतात. मात्र तीन दिसल्या की लगेच जपान म्हणू नका, मिंगच्या आधीच्या सोंग राजवटीतल्या चिनी ड्रॅगनलाही अनेकदा तीनच असत. आधी वस्तूचा काळ विचारा.

आणि आपल्याकडच्या देवळांच्या तोरणांवरचा, सोंडेसारखं तोंड वळवलेला प्राणी? तो मकर. त्याला ड्रॅगन म्हणू नका.