जावा, डॉटनेट आणि पीएचपी यांच्यातील वेबसेवा जुळत नसेल तर चूक कशी शोधावी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानाचा हिशेब डॉटनेटमध्ये होतो, हळद ठेवलेल्या गोदामाच्या नोंदी जावाच्या सर्व्हरवर राहतात आणि शेतकऱ्याला मोबाइलवर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, दाखवणारे संकेतस्थळ पीएचपीत असते. प्रोग्रामिंगच्या या तीन वेगळ्या तंत्रांना जोडणारी वेबसेवा, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्या-देण्याची सोय, अडली की एक बाजू म्हणते ‘आमच्याकडून बरोबर गेले’, दुसरी म्हणते ‘आमच्याकडे तसे आलेच नाही’, आणि दोघेही आपापल्या पडद्यावर जे दिसते ते प्रामाणिकपणेच सांगत असतात. म्हणून निदान पडद्यावरच्या ऑब्जेक्टवरून, म्हणजे प्रोग्रामने आपल्यापुरत्या रचलेल्या माहितीवरून, करू नये. दोन प्रणालींच्या मधून प्रत्यक्ष गेलेले बाइट पाहून करावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व पायऱ्या या एकाच सवयीवर उभ्या आहेत.

सुरुवातीला बिघडलेली एक रिक्वेस्ट (मागणीचा संदेश) जशीच्या तशी, हेडरसह, म्हणजे संदेशाच्या आधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींसह, फाइलमध्ये उतरवून घ्यावी. विंडोजवर फिडलर हे काम सोपे करते. चाचणीच्या सर्व्हरवर साधे एचटीटीपी असेल तर वायरशार्कही चालते. त्यानंतर तीच फाइल कर्लने किंवा सोपयूआयने पुन्हा पाठवावी. ती चालली तर दोष पाठवणाऱ्याच्या लायब्ररीत किंवा तिच्या मांडणीत आहे, आणि तीही अडली तर दोष संदेशात किंवा घेणाऱ्या बाजूला आहे. एवढ्यावरून निम्मा वाद मिटतो. जमल्यास व्यवस्थित चाललेली एक रिक्वेस्टही मिळवावी, दोन्ही शेजारी ठेवाव्यात आणि त्यांच्यातील फरक एकेक करून काढत जावे. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत.

संदेश पोचतच नसेल तर आधी टीएलएस (संदेश गुप्त ठेवून नेणारी सुरक्षा-पद्धत) तपासावे. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या, पण जावा ७ चा क्लायंट (सेवा मागणारा प्रोग्राम) मूळ मांडणीत १.० वरच बोलतो आणि डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.६ पूर्वीच्या आवृत्त्यांचेही तसेच आहे. ‘ब्राउझरमध्ये तर पत्ता उघडतो’ हा पुरावा येथे उपयोगाचा नाही, कारण जावा बहुधा स्वतःच्या साठ्यातील, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवते आणि सर्व्हरने मधले, म्हणजे त्याच्या प्रमाणपत्राला मूळ प्रमाणपत्राशी जोडणारे, प्रमाणपत्र पाठवले नसेल तर ब्राउझर अनेकदा ते स्वतः मिळवून वेळ निभावून नेतो, जावाचा क्लायंट मात्र सहसा तेथेच थांबतो.

संदेश पोचतो पण सर्व्हर ४१५ (हा मजकूर-प्रकार चालत नाही) हा क्रमांक परत देतो, अशी तक्रार असेल तर सोपच्या, म्हणजे एक्सएमएल या खुणांच्या भाषेत संदेश गुंडाळण्याच्या पद्धतीच्या, आवृत्तीकडे पाहावे. सोप १.१ चा कन्टेन्ट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ असतो आणि कोणती क्रिया हवी ते सोपअ‍ॅक्शन नावाच्या वेगळ्या हेडरमध्ये सांगितलेले असते, १.२ मध्ये कन्टेन्ट-टाइप ‘अ‍ॅप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ होतो, क्रिया त्याच हेडरमध्ये जाते आणि लिफाफ्याचे नेमस्पेसही (त्यातील नावे कोणत्या संचातली ते सांगणारी ओळख) बदलते. डॉटनेटच्या डब्ल्यूसीएफ या वेबसेवांच्या चौकटीतील बेसिक-एचटीटीपी-बाइंडिंग पहिली भाषा बोलते आणि डब्ल्यूएस-एचटीटीपी-बाइंडिंग दुसरी. दोन्ही बाजूंनी एकच आवृत्ती ठरवली की हा प्रश्न संपतो.

चूक दाखवणारा संदेश येतो तोवर काम सोपे असते. खरा त्रास देतात त्या मुकाट्याने होणाऱ्या चुका, आणि त्यांपैकी दोन डॉटनेटच्या बाजूच्या आहेत. डब्ल्यूसीएफचा डेटा-कॉन्ट्रॅक्ट-सिरिअलायझर एक्सएमएलमधील घटक ठरावीक क्रमानेच वाचतो, आणि क्रम वेगळा सांगितला नसेल तर तो इंग्रजी अकारविल्हे धरतो. बॅग्ज, रेट, वेट असा क्रम त्याला अपेक्षित असताना जावाच्या बाजूने हाताने रचलेल्या संदेशात वेट आधी आणि रेट नंतर आले, तर वजन बरोबर उतरते, दर मात्र शून्य होतो, आणि कोठेही तक्रार उमटत नाही. अशा घटकावर ‘आवश्यक’ अशी खूण केली तर निदान चूक मोठ्याने सांगितली जाते, म्हणून पैशाच्या प्रत्येक घटकावर ती करावी. दुसरी चूक पाठवताना होते: ऐच्छिक असलेल्या संख्येसाठी किंवा तारखेसाठी डॉटनेटची साधने क्लायंटमध्ये ‘स्पेसिफाइड’ हे शेपूट लावलेला एक जोड-घटक तयार करतात, आणि तो खरा केल्याशिवाय भरलेली किंमत संदेशात जातच नाही. ‘आम्ही भरले होते’ आणि ‘आमच्याकडे आले नाही’ ही दोन्ही वाक्ये येथे एकाच वेळी खरी असतात.

मराठी मजकूर बिघडला असेल तर तो कसा बिघडला आहे हे बारकाईने पाहावे, कारण त्यातच निदान असते. ‘हळद’ या शब्दात तीन अक्षरे आहेत आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, प्रत्येकी तीन, असे त्याचे नऊ बाइट होतात. समोर तीन प्रश्नचिन्हे आली असतील तर पाठवणाऱ्याने देवनागरी न जाणणाऱ्या एन्कोडिंगमध्ये मजकूर लिहिला आहे, मूळ अक्षरे तेथेच नष्ट झाली आहेत आणि घेणाऱ्याने काहीही केले तरी ती परत मिळणार नाहीत. याउलट डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि सोबत विचित्र चिन्हे पुन्हा पुन्हा दिसत असतील तर नऊही बाइट सुखरूप पोचले आहेत, फक्त घेणाऱ्याने ते चुकीच्या एन्कोडिंगने वाचले आहेत. पहिल्या प्रकारात जावाकडे आधी पाहावे: १८ व्या आवृत्तीपूर्वी ती यंत्राचे एन्कोडिंग धरत असे, त्यामुळे लिनक्सवर चाललेला प्रोग्राम विंडोजवर प्रश्नचिन्हे पाठवू लागतो. संदेशाचा शेवट तुटत असेल तर कोणीतरी कन्टेन्ट-लेंग्थमध्ये (संदेशाची लांबी सांगणाऱ्या हेडरमध्ये) बाइटांऐवजी अक्षरे मोजली आहेत. संदेश डोळ्यांना निर्दोष दिसूनही पीएचपीचे जेसन (माहिती मांडण्याचे मजकुरी रूप) वाचन रिकामे परत येत असेल, तर फाइलच्या आरंभी बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंगच्या खुणेचे, तीन अदृश्य बाइट आहेत का ते हेक्स दर्शकात (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनात) पाहावे. ते बऱ्याचदा डॉटनेटने लिहिलेले असतात.

तारखेसाठी मी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवतो, कारण तारीख चुकली की हिशेबाचे वर्षच चुकते. एकदा १ एप्रिल तारीख घातलेल्या पट्ट्या गोदामाच्या नोंदीत ३१ मार्चला जाऊन बसल्या, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात शिरल्या. डॉटनेटने मध्यरात्रीची वेळ भारतीय क्षेत्र धरून पाठवली होती, जावाच्या सर्व्हरने ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलली, साडेपाच तास मागे जाऊन ती ३१ मार्च सायंकाळी साडेसहा झाली, आणि डेटाबेसने वेळ टाकून देऊन फक्त तारीख ठेवली. एका तक्त्यात तिन्ही टप्प्यांवरची किंमत ओळीने लिहिली तेव्हाच ती उडी दिसली. तेव्हापासून पट्टीची तारीख ही केवळ तारीख म्हणून, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि वेळेशिवाय पाठवावी, आणि गाडी काट्यावर आली तो क्षण मात्र +०५:३० या फरकासह पाठवावा, असे मी लेखी ठरवून घेतो. पट्ट्या १९७० च्या जानेवारीतील २०-२१ तारखेच्या दिसू लागल्या तर कारण वेगळे असते: पीएचपीने १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद दिले आणि जावाने ते मिलिसेकंद समजून वाचले.

संख्यांच्या बाबतीत लांब पावती-क्रमांक मोबाइलवरच्या पानापर्यंत जात असेल तर तो अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवावा. ते पान चालवणाऱ्या जावास्क्रिप्टला ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक खात्रीने जपता येत नाहीत. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर तेथे शेवटी २ दिसतो. रुपये-पैसे तरंगत्या अपूर्णांकात (फ्लोटिंग-पॉइंट, म्हणजे किंमत अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नयेत, मग प्लॅटफॉर्म कोणताही असो.

पीएचपीच्या सोपक्लायंटचे दोन स्वभाव मात्र माहीत हवेत. उत्तरात अनेक पट्ट्या असतील तर तो यादी देतो, पण एकच पट्टी असेल तर यादीऐवजी थेट ते ऑब्जेक्टच देतो, त्यामुळे हंगामात महिनोन्‌महिने सुरळीत चाललेले पान एकच सौदा झालेल्या दिवशी कोसळते. यासाठी एकट्या घटकाचीही यादी करण्याचा पर्याय क्लायंट तयार करतानाच चालू करावा. तसेच तो डब्ल्यूएसडीएलची, म्हणजे सेवेचा करार सांगणाऱ्या फाइलची, प्रत साठवून ठेवतो आणि मूळ मांडणीत ती ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, वापरतो. सेवेत दुरुस्ती होऊनही जुनीच चूक दिसत राहिली तर तो साठा आधी पुसावा.

दोष सापडल्यावर समोरच्या बाजूला ‘तुमची सेवा चालत नाही’ असे कळवू नये. मूळ रिक्वेस्ट, आलेले उत्तर, सेकंदांपर्यंतची वेळ क्षेत्रासह, आणि करारातील ज्या घटकाशी ती विसंगत आहे त्याचे नाव, एवढे पाठवावे. शेतकऱ्याचे नाव, मोबाइल आणि बँक खाते त्यातून आधी काढून टाकावे. दुरुस्ती झाली की तीच रिक्वेस्ट नमुन्यांच्या फोल्डरात ठेवावी आणि कोणत्याही बाजूची नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी सगळे नमुने पुन्हा चालवावेत. माझ्या फोल्डरात एकही पट्टी नसलेला दिवस, एकाच पट्टीचा दिवस, १ एप्रिलची पट्टी, सोळा अंकी पावती, दर न भरलेला सौदा आणि ‘ळ’ असलेले नाव हे सहा नमुने कायम असतात.