वर्डमध्ये लिहून ब्लॉगवर टाकायचं कसं, माझा सात वर्षांचा अनुभव

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते, म्हणजे जुन्या भाषेत दिवाणजीचं काम. राहायला हरिपूरला. हळदीचे सौदे संपले की दुपारी तासभर मोकळा मिळतो आणि मालकांची परवानगी आहे म्हणून त्या वेळात दुकानाच्याच कॉम्प्युटरवर मी माझे लेख लिहिते. नेट तिथं जीएसटी आणि बँकेपुरतं वापरायचं असा नियम आहे, तो मी पाळते, त्यामुळे सुरुवातीपासूनच माझं लिखाण वर्डमध्ये आणि पाठवणं रात्री घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, असं दोन तुकड्यांत झालं. आता भाची आणि तिच्या दोन मैत्रिणींना ब्लॉग सुरू करायचाय, त्या विचारतात की मावशी तू थेट वेबसाईटवर का लिहीत नाहीस, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी टायपिंग, कारण नवीन लोक तिथंच अडकतात. युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो आणि जे सगळीकडं सारखंच दिसतं, त्यात. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतीदेव किंवा शिवाजी सारख्या, लिहिलेलं वर्डमध्ये छान मराठी दिसतं पण आत खरं तर इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. ब्लॉगवर तो फॉन्ट नसतो, तिथं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, २००५ च्या पुरानंतर हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर, एक मोठं टिपण लिहिलं होतं आणि एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलं होतं. ती फाईल मी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली, बरीचशी आली, पण जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी बऱ्याच ठिकाणी मोडली. चार संध्याकाळी अण्णांना शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केली. कन्व्हर्टरवर भरवसा ठेवून तसंच छापू नका, एवढंच सांगते.

कीबोर्ड कुठला, तर दोन चांगले पर्याय विंडोजमध्येच आहेत. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरं ठरावीक कळांवर बसवलेला कीबोर्ड, शिकायला दोन-तीन आठवडे जातात पण नंतर हात आपोआप चालतो. आणि मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्डसुद्धा मिळतो, त्यात इंग्रजी स्पेलिंगसारखं टाईप केलं की मराठी उमटतं. मी इनस्क्रिप्टवाली. त्याचं एक कारण म्हणजे आपला ऱ्य. शेतकऱ्यांचं लिहिताना र ला नुसतं हलन्त देऊन य जोडला तर रफार होतो आणि शेतकर्यांचं असं चुकीचं उमटतं, मराठी ऑनलाईन लिखाणात ही चूक इतकी पसरलीय की डोळ्यांना सवय झाली लोकांच्या. आचाऱ्याला पगार द्यायचा असतो आणि आचार्याला नमस्कार करायचा असतो, एका रफारानं माणूसच बदलतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून J ची कळ दाबायची, मग D ची, ती हलन्ताची, मग य, झालं. ज्या गावात निम्मे लेख शेतकऱ्यांवर आणि व्यापाऱ्यांवर होणार तिथं हे पहिल्या दिवशी शिकलेलं बरं.

आता वर्डमधलं लिखाण. एक गोष्ट मनात पक्की करा की ब्लॉगवर अक्षर कसं दिसणार ते ब्लॉगची थीम, म्हणजे त्याचा दिसण्याचा साचा, ठरवते, वर्डमध्ये तुम्ही कुठला फॉन्ट निवडला, रंग कुठला दिला, याचा तिथं काही उपयोग नाही, उलट तो सगळा कचरा बरोबर जातो. म्हणून सजावट शून्य. पण स्टाईल मात्र वापरायची. पोटमथळा करायचा असेल तर ओळ ठळक करून साईज वाढवायची नाही, तिला हेडिंग २ ही स्टाईल द्यायची, कंट्रोल ऑल्ट २ दाबलं की लागते. वेबवर ती खरा मथळा म्हणून जाते, गूगलला कळते, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ऐकतात त्यांना एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. नुसती ठळक केलेली ओळ म्हणजे त्यांच्यासाठी साधा मजकूरच. दोन परिच्छेदांत अंतर हवं म्हणून चार वेळा एंटर मारायची सवयही सोडा, वर गेल्यावर तिथं रिकामे खड्डे दिसतात. टेबल टाळता आलं तर टाळा, मी एकदा पंधरा दिवसांचे हळदीचे दर सहा रकान्यांत दिले होते, मोबाईलवर दोनच रकाने दिसत होते आणि वाचणारे सगळे मोबाईलवालेच.

मराठी शब्दांखाली लाल रेघा येतात त्यानं घाबरू नका, सगळं सिलेक्ट करून प्रूफिंगची, म्हणजे शुद्धलेखन तपासायची, भाषा मराठी करा. लिब्रेऑफिस वापरत असाल तर टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषेची सेटिंग्ज, तिथं सीटीएलच्या (देवनागरीसारख्या लिप्यांचा गट) पुढं मराठी निवडायचं. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि लिहायला वर्डइतकंच चांगलं आहे, फक्त त्यात थेट ब्लॉगवर पाठवायचं बटण नाही, कॉपी-पेस्ट करावं लागतं, आणि खरं सांगू का, त्यानं फार बिघडत नाही.

थेट पाठवायची सोय वर्डमध्ये २००७ च्या व्हर्जनपासून आहे. फाईल, न्यू, आणि तिथं ब्लॉग पोस्ट नावाचं टेम्प्लेट शोधायचं, किंवा, तुमच्या व्हर्जनमध्ये असेल तर, लिहून झालेल्या फाईलवर शेअरमध्ये जाऊन पोस्ट टू ब्लॉग. वर शीर्षकाची जागा येते, खाली मजकूर, आणि पब्लिश, इन्सर्ट कॅटेगरी, ओपन एक्झिस्टिंग, मॅनेज अकाउंट्स अशी मोजकी बटणं. मॅनेज अकाउंट्समध्ये वर्डप्रेस, म्हणजे माझा ब्लॉग ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते, निवडून तुमच्या ब्लॉगचा पत्ता द्यायचा आणि त्याच्या शेवटी एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी (/xmlrpc.php) ही फाईल. वर्ड त्याच दारातून आत जातो. पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होणारा असू दे, पासवर्ड उघड्यावर जायला नको.

हे दार वर्डप्रेस ३.५ पासून, म्हणजे डिसेंबर २०१२ पासून, आपोआप उघडं असतं. पण त्याच दारावर पासवर्ड ओळखायचे हल्ले खूप होतात म्हणून बरेच होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर ब्लॉग ठेवलेला असतो ते, आणि सिक्युरिटी प्लगिन ते बंद करून ठेवतात. माझं तसंच झालं, दोन रात्री मी पासवर्ड बदलून बदलून बघत होते, मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय, आणि तिसऱ्या दिवशी होस्टिंगच्या सपोर्टला विचारल्यावर कळलं की त्यांनीच ते बंद केलंय. तेव्हा आधी तेच विचारा. आणि स्वतःचा मेन पासवर्ड वर्डला देऊ नका. वर्डप्रेस ५.६ पासून, डिसेंबर २०२० मध्ये आलं ते, प्रोफाईलमध्ये ॲप्लिकेशन पासवर्ड करता येतो. वर्डसाठी वेगळा, नको झाला की तेवढाच रद्द करायचा. सामाईक कॉम्प्युटरवरून लेख पाठवणाऱ्या माणसाला ही फार मोठी सोय आहे.

ब्लॉगर, म्हणजे गूगलची ब्लॉगची सोय, वापरणाऱ्यांनी मात्र कॉपी-पेस्टच करावं. नुसत्या युजरनेम-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमनं लॉगिन करायची जुनी पद्धत गूगलनं २०१५ मध्ये बंद केली, आणि वर्डची ही खिडकी त्याच जुन्या काळातली. जुन्या लेखांत विंडोज लाईव्ह रायटर या मायक्रोसॉफ्टच्या ब्लॉग लिहायच्या प्रोग्रॅमचं कौतुक वाचाल, त्याचं शेवटचं व्हर्जन २०१२ चं, पुढं २०१५ च्या डिसेंबरात ते ओपन लाईव्ह रायटर म्हणून ओपन सोर्स झालं. आज नव्यानं शिकणाऱ्यानं त्याच्यामागं वेळ घालवू नये असं मला वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पब्लिश बटणाखाली बाण असतो, तिथं पब्लिश ॲज ड्राफ्ट आहे, म्हणजे लेख वाचकांना न दिसता कच्चा म्हणून वर जातो, नेहमी तेच दाबा. कायम. पेवांवरचा पहिला लेख मी रात्री साडेअकराला घाईत थेट पब्लिश केला. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरवत नाहीत, हवा खेळू देतात, ते सगळं अण्णांनी सांगितलं होतं, पण किती वेळ थांबायचं हे मला नक्की आठवत नव्हतं म्हणून मधेच लिहून ठेवलं होतं, "हे अण्णांना परत विचार". ते तसंच गेलं. वेबसाईटवर मी दहा मिनिटांत दुरुस्त केलं पण ज्यांनी ईमेलनं लेख मागवला होता त्यांच्याकडं तो तसाच पोचला होता, गेलेला ईमेल परत येत नाही. सकाळी अण्णांनी त्यांच्या मित्राकडून ऐकलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अगं, ज्या गोष्टीनं माणूस दगावू शकतो ती अर्धी लिहू नये." तेव्हापासून जिथं शंका असेल तिथं मी दोन हॅश टाकते, ## असे, आणि पाठवायच्या आधी कंट्रोल एफ करून ते शोधते. एकही सापडला तर लेख जात नाही. फोटोच्या जागीसुद्धा ## आणि पुढं फोटोत काय हवं ते.

फोटो वर्डमधून पाठवत नाही मी. पाठवले तर जातात, पण तारीख-वेळ जोडलेलं भलतंच नाव घेऊन जातात, नंतर शोधताना काही कळत नाही. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो आधी बाराशे पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करायचा, इंग्रजी अक्षरांत साधं नाव द्यायचं, आणि वर्डप्रेसमध्ये जाऊन ## च्या जागी बसवायचा, खाली पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते न दिसणाऱ्यांसाठी, लिहायचा.

ड्राफ्ट वर गेल्यावर आणखी एक काम असतं जे वर्डमध्ये होतच नाही, लेखाची लिंक. शीर्षक मराठीत असलं की लिंकही मराठीत तयार होते, दिसायला छान, पण व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक शेपूट होते. कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह वेबच्या पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं, आणि काना मात्रा वेलांटी वेगळी मोजली जाते. हरिपूर हा एवढासा शब्द, त्यात सहा चिन्हं, म्हणजे चोपन्न अक्षरं झाली. वर्डप्रेस दोनशे अक्षरांवर पत्ता कापतो, म्हणजे बावीस चिन्हांतच संपलं, लांब शीर्षक अर्ध्यात तुटतं. म्हणून लिंक इंग्रजी अक्षरांत, तीन-चार शब्दांची, पब्लिश करायच्या आधीच बदलायची. नंतर बदलली तर लोकांनी आधी पाठवलेल्या लिंक तुटायची भीती. टॅग आणि मुख्य फोटोही इथंच.

आणि एकदा लेख वर गेला की वर्डची फाईल बंद. दुरुस्ती करायची ती वेबसाईटवर. कारण वर्डला लक्षात असतं की ही फाईल कुठल्या पोस्टची, परत पाठवली की तो वरचं सगळं पुसून आपलं जुनं बसवतो. बेदाण्याच्या लेखात मी वरती अकरा चुका सुधारल्या होत्या, आठवड्यानं वर्डमधून एक वाक्य वाढवून परत पाठवला आणि अकराच्या अकरा चुका पुन्हा आल्या.

ज्यांना थेट पाठवणं जमत नाही त्यांनी कॉपी-पेस्ट करताना वाईट वाटून घेऊ नका. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर जो ब्लॉक एडिटर आला तो वर्डमधला मजकूर बऱ्यापैकी साफ करून घेतो, हेडिंगसकट. दुसरीकडं कुठं पेस्ट करून विचित्र दिसलं तर कंट्रोल शिफ्ट व्ही, म्हणजे नुसता मजकूर येतो, मग मथळे हातानं द्यायचे.

या सगळ्यातून काम मिळतं का, हे भाचीनं दोनदा विचारलं. मिळतं, हळूहळू. मला पहिलं काम तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचं मिळालं, त्यांच्या वेबसाईटसाठी मराठी मजकूर. त्यांनी माझे पेवांचे लेख वाचले होते, पण पुढची कामं मिळाली ती फाईल नीट दिल्यामुळं असं मला वाटतं. स्टाईल लावलेली, ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेले बदल दिसत राहायची सोय, चालू ठेवून दुरुस्त केलेली, नावात तारीख असलेली फाईल दिली की समोरच्या वेबसाईटवाल्या पोराचं काम निम्मं होतं आणि तो पुढच्या वेळी तुमचंच नाव सुचवतो. पैसे ठरवताना शब्दावर दर लावू नका. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, शेतकऱ्यांसाठीसुद्धा हा वर्डच्या मोजणीत एकच शब्द, इंग्रजीत तेच सांगायला तीन-चार लागतील. तेवढाच मजकूर लिहून मराठीत शब्द कमी भरतात. मी लेखावर दर ठरवते, किती वेळा दुरुस्ती करून देणार तेही आधीच सांगते.

अण्णांचं बोलणं टिपायला हल्ली गूगल डॉक्सचं व्हॉईस टायपिंग वापरते, क्रोममध्ये मराठी निवडून. अण्णा पेवाची, कट्ट्यांची, जुन्या अडतीची भाषा बोलतात, त्यातले बरेच शब्द ते भलतेच लिहितं, पण सलग बोलणं हाताला लागतं आणि मग मी वर्डमध्ये घेऊन बसते. सध्या पेवाचं तोंड कसं बंद करायचे त्यावर लिहितेय. तीन ## शिल्लक आहेत, अण्णा संगमेश्वराच्या देवळातून आले की विचारायचे आहेत.